भट्टीच्या आत बघायचे कॅमेरे: किल्न, बॉयलर, काचभट्टी (माहिती आणि अनुभव हवेत)

गडचांदूरकर

नमस्कार मंडळी, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट प्लांटमध्ये प्रोसेसला आहे. आमच्या किल्नचा कॅमेरा बदलायचाय, तीन कोटेशन आलीत आणि तिघांचं बोलणं तीन दिशांना चाललंय, म्हणून इथे विचारतोय. आपल्याकडे साखर, पॉवर, काच, खत सगळीकडची मंडळी आहेत, भट्टी वेगळी असली तरी दुखणं सारखंच असणार.

ज्यांनी किल्न पाहिली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण चार-साडेचार मीटर व्यासाची, साठ-सत्तर मीटर लांब लोखंडी नळी, आतून विटांचं अस्तर, जराशी तिरकी ठेवलेली आणि मिनिटाला तीन-चार फेरे मारणारी. वरच्या टोकाने चुनखडीचं तापवलेलं पीठ येतं, खालच्या टोकाला बर्नर, तिथे माल १४५० अंशाला जाऊन त्याचा क्लिंकर (दळून सिमेंट करायचे गोळे) होतो आणि ज्वाला तर २००० च्या आसपास असते. क्लिंकर तिथून कूलरमध्ये पडतो. ऑपरेटर सीसीआरमध्ये (कंट्रोल रूममध्ये) बसून जे काही करतो, कोळसा वाढव, फीड कमी कर, पंखा ओढ, त्यातलं निम्मं तरी त्या एका स्क्रीनकडे बघून करतो. ज्वाला लांबली का, विटेला चाटतेय का, बर्नरच्या तोंडाशी न पेटलेल्या कोळशाचा काळा भाग किती आहे, माल भिंतीवर किती उंच चढून मग घसरतोय, कोटिंग (विटेवर चिकटलेला मालाचा थर) पडलं का, रिंग (मालाचं आतलं कडं) धरतेय का, खाली स्नोमॅन (क्लिंकरचा साचलेला ढीग) बनतोय का. हे सगळं अ‍ॅनालायझरवर नंतर दिसतं, डोळ्याला आधी दिसतं.

आणि आमच्या स्क्रीनवर सध्या दुधासारखा पांढरा पडदा आहे. सर्व्हिसवाला येतो, पुसून जातो, दोन दिवस छान, मग परत तेच. मॅनेजमेंटचं म्हणणं जुना झाला, नवीन घ्या, आणि घेताय तर तापमान दाखवणारा थर्मलच घ्या. त्याची किंमत साध्याच्या कितीतरी पट. माझा प्रश्न असा की खरंच त्याने काही फरक पडणार आहे का, आणि घेताना नेमकं काय बघायचं?

इन्स्ट्रुमेंट_अण्णा

गडचांदूरकर, कोटेशन बाजूला ठेवा आणि आधी हे सांगा, कॅमेऱ्याला पर्जची (धूळ बाहेर ठेवणारी) हवा कुठल्या लाइनची आहे? इन्स्ट्रुमेंट एअर (ड्रायरमधून आलेली कोरडी) की सर्व्हिस एअर (साधी)?

मी हे विचारतोय कारण दोन दिवसात पांढरा होणारा कॅमेरा बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे पांढरा होत नाही, हवेमुळे होतो. या कॅमेऱ्यांची रचना लक्षात घ्या. भट्टीत जाते ती एक लांब नळी, तिच्या टोकाला अगदी बारीक भोक, काही मिलिमीटरचं, त्यामागे पहिलं भिंग. त्या भोकातून सतत हवा भट्टीच्या दिशेने बाहेर जात राहते म्हणजे धूळ आत येऊ शकत नाही. आता ही हवा सर्व्हिस लाइनची असली की तिच्यात कॉम्प्रेसरचं तेल असतं, पावसाळ्यात पाणी असतं. तेलाचा बारीक धूर भिंगावर बसतो, तापतो, भाजून तपकिरी थर होतो आणि मग त्या चिकट थरावर क्लिंकरची धूळ येऊन बसते. हीच तुमची दुधाळ स्क्रीन.

पुढच्या वेळी कॅमेरा बाहेर काढाल तेव्हा सर्व्हिसवाल्याला लगेच पुसू देऊ नका. बेंचवर घ्या, टोकाची कॅप उघडा, टॉर्च मारून बघा. भोकाच्या कडेला बाहेरून राखाडी, खरखरीत कडं असेल तर हवेचं प्रेशर कमी पडतंय, धूळ उलटी येतेय. भिंगावर आतून तपकिरी, बोटाला किंचित चिकट फिल्म असेल तर तेल. आणि फिल्टरचा बाऊल उघडून खाली काय साचलंय ते बघा, त्यातून पांढरट इमल्शन निघालं तर उत्तर मिळालंच. नवीन कॅमेरा याच हवेवर लावलात तर महिन्याभरात तोही इथेच येणार आहे.

ड्रायरनंतरची इन्स्ट्रुमेंट एअर, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ तेल पकडणारा कोअलेसिंग फिल्टर, त्याला ऑटो ड्रेन, आणि फिल्टरच्या पुढे-मागे प्रेशर गेज म्हणजे तो कधी चोंदला ते कळेल. हे सगळं मिळून जो खर्च होतो तो थर्मल कॅमेऱ्याच्या किमतीपुढे काहीच नाही.

प्राजक्ता_नाशिक

मी या क्षेत्रातली नाही, पण धागा वाचायला घेतला आणि सोडवेना. एक अगदी बाळबोध प्रश्न. १४५० अंशाला लोखंड मऊ होतं, मग हा कॅमेरा आत टिकतोच कसा? आमच्या बाल्कनीतला सीसीटीव्ही मे महिन्यात दुपारी हँग होतो!

इन्स्ट्रुमेंट_अण्णा

प्राजक्ताताई, बाळबोध अजिबात नाही, याच प्रश्नावर सगळी रचना उभी आहे.

पहिली गोष्ट, बऱ्याच डिझाइनमध्ये सेन्सर आत जातच नाही. आत जाते ती नुसती भिंगांची नळी, बोअरस्कोपसारखी, ती चित्र एका भिंगाकडून दुसऱ्याकडे देत मागे आणते आणि सेन्सर भिंतीच्या बाहेर थंडाव्यात बसतो. काहींमध्ये सेन्सर टोकाजवळच असतो पण मग कूलिंग चोख लागतं.

दुसरी गोष्ट, भोक बारीक का ते आकड्यात बघा. १४५० अंशाची भट्टी दर चौरस मीटरला साधारण ५०० किलोवॅट उष्णता फेकते. भर दुपारचं ऊन जेमतेम १ किलोवॅट असतं, म्हणजे पाचशेपट ऊन समजा. पण भोक ३ मिलिमीटरचं असेल तर त्यातून आत येणारी उष्णता साडेतीन वॅटच्या आसपास. एवढी भिंग सहन करतं. उरलेला मार नळीच्या टोकाच्या धातूवर पडतो, टोक ६० मिलिमीटर व्यासाचं धरलं तर १४०० वॅट, म्हणजे घरी बादलीत टाकतो त्या पाणी तापवायच्या रॉडइतका. मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं तर ते २० अंशांनी तापून ही उष्णता घेऊन जातं. प्रत्यक्षात नळीच्या बाजूंनाही मार असतो म्हणून पाणी बरंच जास्त ठेवतात, पण हिशोब असा आहे. नळीभोवती दुहेरी जॅकेट असतं, आतून पाणी जातं, परत येतं. काही ठिकाणी पाणी नको म्हणून नुसत्या हवेवर चालवतात, तिथे हवा भरपूर लागते.

बाहेरच्या डब्याला थंड ठेवायला बरेच जण व्होर्टेक्स ट्यूब लावतात. ही मला फार आवडणारी वस्तू आहे. एकही फिरता भाग नाही, कॉम्प्रेस्ड एअर आत भोवऱ्यासारखी फिरते आणि एका टोकाने गार, दुसऱ्या टोकाने गरम हवा निघते. जॉर्ज रांक नावाच्या फ्रेंच माणसाने १९३३ मध्ये मांडली, नंतर रुडॉल्फ हिल्श या जर्मन शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये त्यावर लिहिल्यावर सगळीकडे पसरली. हवा मात्र खूप खाते.

तुमच्या बाल्कनीतल्या कॅमेऱ्याचं म्हणाल तर सेन्सर गरम झाला की अंधारातही खोटा सिग्नल द्यायला लागतो आणि दर सहा-आठ अंशांना तो दुप्पट होत जातो. त्यामुळे भट्टीतल्या कॅमेऱ्याचा सेन्सर भट्टीपेक्षा कितीतरी आधी आपल्या चंद्रपूरच्या ४६-४७ अंशांच्या मे महिन्यानेच आजारी पडतो.

सहवीज_सोलापूर

अण्णा, हवेबद्दल शंभर टक्के. आमच्याकडे साखर कारखान्याच्या बगॅस बॉयलरला कॅमेरा आहे, तिथली गोष्ट सांगतो.

बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं आणि अवकाळी पावसात यार्डातला भिजलेला आला की विचारूच नका. स्प्रेडरने तो नीट पसरला नाही तर ग्रेटवर (बॉयलरच्या जाळीवर) एका कोपऱ्यात ढीग होतो, वरून काळा, आतून धुमसणारा, आणि मग तो एकदम पेटला की ड्राफ्ट उलटा होतो. ड्राफ्ट (भट्टीतला दाब) आपण उणे पाच-दहा मिलिमीटरवर (पाण्याच्या) ठेवतो पण असा धक्का आला की क्षणात पॉझिटिव्ह. पूर्वी फायरमन दर थोड्या वेळाने पीप होलचं झाकण सरकवून आत डोकवायचा, आणि नेमक्या त्याच क्षणी पफ आला तर ज्वाला तोंडावर. भुवया जळलेले फायरमन आमच्या पट्ट्यात कुणालाही विचारा, माहीत असतात. कॅमेरा आल्यापासून ढीग बनताना दिसतो आणि पेटायच्या आधीच फीडर सांभाळता येतो. आमच्यासाठी कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, बाकी स्टीमचं प्रेशर स्थिर राहतं वगैरे त्यानंतर.

अजून एक आमच्याकडचीच अडचण. हंगाम संपला की सगळे ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलमध्ये लागतात, कॅमेरा तसाच भिंतीत राहतो, हवा बंद, पाणी बंद. पावसाळ्यात बॉयलरची राख ओलावा धरते आणि टोक गंजून बसतं. गाळप संपलं की कॅमेरा काढा, भिंग साफ करून कॅप लावून कोरड्या कपाटात ठेवा, भोकाला प्लेट ठोका. एवढं केलं तरी आयुष्य वाढतं.

ड्रम लेव्हलच्या गेज ग्लासवर लावलेला सीसीटीव्ही हा वेगळा प्रकार, लोक दोन्हीला बॉयलर कॅमेराच म्हणतात आणि टेंडरमध्ये घोळ होतो. तो बाहेर असतो, त्याला हा सगळा जामानिमा लागत नाही.

विजेरी

सहवीजदादा, त्यात एक भर. औष्णिक केंद्रात असते त्या फ्लेम स्कॅनरलाही काही जण कॅमेरा समजतात. स्कॅनर चित्र दाखवत नाही, ज्वाला आहे की नाही एवढंच सांगतो आणि नसली तर बॉयलर ट्रिप (आपोआप बंद) करतो. ते संरक्षण आहे. कॅमेऱ्यावर ट्रिप लावू नका आणि कॅमेरा आहे म्हणून स्कॅनरकडे दुर्लक्षही करू नका. आपल्या कोळशात राख ३५ ते ४५ टक्के, त्यामुळे भिंतीवर स्लॅग (वितळून चिकटलेली राख) किती चढतोय हे बघायला कॅमेरा बेस्ट, मोठा ढेकूळ खाली पाण्याच्या हॉपरमध्ये पडायच्या आत कळतं.

गडचांदूरकर

अण्णा, आज लाइन ट्रेस केली. सर्व्हिस एअर आहे. कधीतरी शटडाऊनमध्ये इन्स्ट्रुमेंट लाइनचं काम निघालं तेव्हा तात्पुरती जोडलेली, ती तशीच राहिली. फिल्टर बाऊलमध्ये अगदी तुम्ही म्हणालात तसं पांढरट पाणी. उद्या परमिट घेऊन लाइन बदलतोय.

पण थर्मलचा प्रश्न आहेच. व्हेंडर म्हणतो स्क्रीनवर कुठेही बोट ठेवा, तिथलं तापमान सांगतो, अगदी अंशात.

जुबेलकर

मी सध्या सौदीत जुबेलला, अमोनिया प्लांटच्या रिफॉर्मरवर (हायड्रोजन बनवायच्या भट्टीवर). आपल्याकडे अलिबागजवळ थळला आरसीएफच्या खत कारखान्यात जसा रिफॉर्मर आहे तसाच प्रकार. आमचं सगळं आयुष्य या अंशातल्या आकड्यांवर चालतं म्हणून जरा लांबण लावतो.

रिफॉर्मरमध्ये भट्टीत शेकडो उभ्या नळ्या, आत कॅटॅलिस्ट, बाहेरून बर्नरची आग, नळीचं कातडं ९०० अंशांच्या आसपास. डिझाइनपेक्षा २० अंश जास्त तापवत राहिलात तर नळीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असं या धंद्यात धरतात. म्हणजे मला १० अंशांचा फरक खरा की खोटा हे कळावं लागतं. आणि तिथेच कळतं की कॅमेरा तापमान मोजत नसतो, प्रकाश मोजत असतो, तापमान हा त्यावरून काढलेला हिशोब आहे.

त्या हिशोबात इमिसिव्हिटी टाकावी लागते, म्हणजे तो पृष्ठभाग आदर्श काळ्या वस्तूच्या मानाने किती उजळतो ते. समजा त्यात १० टक्के चूक झाली. ९०० अंशाच्या नळीवर १ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला त्यामुळे ९-१० अंशांची चूक येते, ३.९ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला ३५ अंशांची. म्हणून आम्ही शक्यतो १ मायक्रॉनच्या जवळ राहतो, त्याला निअर इन्फ्रारेड म्हणतात. वर आणि भट्टीची भिंत नळीपेक्षा गरम, तिचा प्रकाश नळीवरून परावर्तित होऊन कॅमेऱ्यात येतो, त्यामुळे नळी आहे त्यापेक्षा गरम दिसते. तो भाग वजा करावा लागतो. पडताळणीला आम्ही गोल्ड कप पायरोमीटर वापरतो, सोन्याचा मुलामा असलेला कप नळीला टेकवतात, बाहेरचा प्रकाश तुटतो, मग खरं तापमान मिळतं.

मग ३.९ मायक्रॉन कशाला, असं विचाराल. ज्वाळेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ स्वतःच्या ठराविक पट्ट्यांत उजळतात, २.७ आणि ४.३ मायक्रॉनच्या आसपास. ३.९ च्या फटीत ते दोघे जवळजवळ पारदर्शक असतात, म्हणजे गॅसची ज्वाला मध्ये असूनही पलीकडची भिंत दिसते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा थक्क झालो होतो, बर्नर सगळे चालू आणि स्क्रीनवर आगच नाही, नुसत्या नळ्या. त्यासाठी साधी काच चालत नाही, ती तीनच्या आतबाहेर अपारदर्शक होते, सॅफायर लागतं.

गडचांदूरकर, तुमच्याकडे मात्र गॅस नाही, कोळसा आहे आणि धूळ आहे. ३.९ ला गॅस पारदर्शक होईल, धुळीचे कण नाही होणार. व्हेंडरने गॅसच्या भट्टीतली क्लिप दाखवून तुम्हाला विकलं तर फसाल. तुमच्याच प्रकारच्या किल्नवरची क्लिप मागा, तीही कूलरमधून धूळ उडतानाची.

क्लिंकर_किंग

सिमेंटमध्ये बरीच वर्षं झाली, जुबेलकरांना दुजोरा.

किल्नसाठी जे विकतात ते बहुतेक टू कलर म्हणजे दोन तरंगलांबींच्या प्रकाशाचं गुणोत्तर घेऊन तापमान काढणारं. तर्क बरोबर आहे, धुळीने दोन्ही रंग सारख्याच प्रमाणात मंद झाले तर गुणोत्तर तेच राहतं. पण किल्नमधली धूळ गार नसते, ती स्वतः हजार अंशांच्या वर असते, स्वतः उजळते. मग स्क्रीनवरचा आकडा हा थोडा क्लिंकरचा, थोडा ज्वाळेचा, थोडा धुळीचा असा मिश्र असतो. १४६२ असं दिसलं म्हणून क्लिंकर १४६२ ला आहे असं मानू नका.

तरीही मी तो आकडा फेकून देत नाही. त्याचा ट्रेंड बघतो. किल्नच्या मोटरचा अँपिअर, इनलेटचा एनओएक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड), क्लिंकरचं लिटर वेट (एका लिटरचं वजन), लॅबची फ्री लाइम (क्लिंकरमध्ये सुटा राहिलेला चुना), यांच्याबरोबर तोही एका पानावर लावला की चार-पाच जण एकच गोष्ट बोलतायत का ते कळतं. लॅबचा सँपल येईपर्यंत तास जातो, कॅमेऱ्याचा ट्रेंड मिनिटात वळतो. एनओएक्स पडतोय, अँपिअर पडतोय आणि कॅमेऱ्याचा ट्रेंडही खाली, म्हणजे किल्न थंड होतेय, कच्चा माल खाली यायच्या आत फीड कमी करा. एवढ्यासाठी पैसे मोजायचे असतील तर मोजा. पण चित्र स्वच्छ नसेल तर आकडाही कचराच, तेव्हा अण्णांचं आधी.

बाय द वे, शेलवरचा स्कॅनर वेगळा. तो बाहेरून किल्नच्या पत्र्याचं तापमान बघतो, वीट पडली की रेड स्पॉट दाखवतो. तो हवाच. आतला कॅमेरा त्याची जागा घेत नाही.

काचभट्टी_७१

काचेच्या भट्टीवाल्याची हजेरी. आमच्याकडे १५००-१६०० अंश, पण धूळ तुमच्या मानाने काहीच नाही, त्यामुळे चित्र अप्रतिम येतं. आम्ही बघतो ती बॅच लाइन, म्हणजे कच्चा माल वितळत वितळत कुठपर्यंत तरंगत जातोय. ती पुढे सरकली की काचेत दगड आणि बुडबुडे येणार हे नक्की. दर वीसेक मिनिटांनी आग एका बाजूची बंद होऊन दुसऱ्या बाजूची लागते, त्या मधल्या काही सेकंदांत ज्वाला नसते आणि भट्टीचा मुकुट (छताची कमान), भिंती, पोर्ट सगळं लख्ख दिसतं. आमचे लोक त्या क्षणाचेच फोटो आपोआप साठवतात आणि महिन्यामहिन्याचे शेजारी ठेवून वीट किती झिजली ते बघतात. गडचांदूरकर, तुमच्याकडे असा क्षण नाही, पण किल्न थांबते तेव्हा तरी एक फोटो घेऊन ठेवत जा.

त्रास सोड्याच्या वाफेचा. ती टोकावर येऊन थिजते आणि भोक बुजवते. आणि एक, आमची भट्टी एकदा पेटली की दहा-पंधरा वर्षं विझत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याचं भोक बांधणीच्या वेळीच ठरवावं लागतं. नंतर चालू भट्टीत भोक पाडणं म्हणजे मोठी जोखीम.

सुवर्णा_वणी

मी तांत्रिक काही लिहू शकणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे बाबा किल्न बर्नर होते. तेव्हा असले कॅमेरे सगळीकडे नव्हते. निळ्या काचेची लाकडी मुठीची पट्टी असायची त्यांच्याकडे, ती डोळ्यापुढे धरून ते भोकातून आत बघायचे, पूर्ण शिफ्टभर, पुन्हा पुन्हा. ज्वाळेचा रंग बघून ते जे सांगायचे ते लॅबमध्ये बरोबर निघायचं असं त्यांचे सहकारी अजून सांगतात. पन्नाशी यायच्या आतच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काम काय करता.

मी नंतर वाचलं की काच फुंकणाऱ्या आणि भट्टीवर काम करणाऱ्या लोकांचा हा आजार फार जुना आहे. इंग्लंडमध्ये विल्यम क्रुक्स यांनी १९१३ च्या सुमारास खास अशा कामगारांसाठी इन्फ्रारेड अडवणारी चष्म्याची काच तयार केली होती. आणि आपल्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांमध्ये इन्फ्रारेडमुळे होणारा मोतीबिंदू लिहिलेला होता. बाबांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. ती निळी काच झगमग कमी करते, आतलं स्पष्ट दिसतं, पण न दिसणारी उष्णता बरीचशी तिच्यातून तशीच डोळ्यात जाते.

तुम्ही सगळे कॅमेऱ्याच्या किमतीबद्दल, फायद्याबद्दल बोलताय, ते बरोबरच आहे. मॅनेजमेंटपुढे मांडताना हाही मुद्दा मांडा एवढीच विनंती. आणि अजूनही भोकातून बघावं लागत असेल तर इन्फ्रारेडसाठी प्रमाणित चष्मा द्या त्या माणसाला.

गडचांदूरकर

सुवर्णाताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून नोटमध्ये लावतोय, नाव न घालता. आमच्याकडे अजूनही दोन निळ्या काचा हूडजवळ (किल्नच्या बर्नरकडच्या टोकाच्या बंदिस्त कोठ्याजवळ) लटकलेल्या आहेत. सेफ्टीला आजच मेल टाकलाय.

क्लिंकर_किंग

ताई, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. त्या पिढीने आम्हाला किल्न शिकवली.

त्यांनी दिलेली नजर कॅमेऱ्याने आपोआप येत नाही हे मात्र मॅनेजमेंटला सांगायला हवं. नवीन पोरं स्क्रीन बघतात पण काय बघायचं ते त्यांना माहीत नसतं. माल भिंतीवर नेहमीपेक्षा खाली घसरायला लागला, गोळे बारीक आणि धुळकट झाले, तर बर्निंग कमी पडतंय. माल चिकट होऊन वर चढून ढेकळांनी पडतोय, तर जास्त भाजतोय. काळा भाग लांबला तर कोळशाची बारकाई किंवा ओलावा तपासा. हे जुन्या बर्नरला शेजारी बसवून रेकॉर्डिंग लावून शिकवलं पाहिजे, त्यांच्या रिटायरमेंटच्या आत. रेकॉर्डिंगचा खरा उपयोग इथेच आहे.

इन्स्ट्रुमेंट_अण्णा

आता सेफ्टीचा विषय निघालाय तर रिट्रॅक्शनबद्दल लिहूनच टाकतो, कोटेशनमध्ये सगळ्यात आधी कात्री याच ओळीवर चालते.

पाणी बंद झालं, हवा पडली, वीज गेली किंवा टोकाचं तापमान वाढलं तर कॅमेरा स्वतःहून भट्टीबाहेर आला पाहिजे. न्यूमॅटिक सिलेंडरवर असतो. हवाच गेली तर सिलेंडर चालणार कसा, म्हणून त्याला स्वतःची छोटी हवेची टाकी आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. कितीतरी ठिकाणी टाकी असते पण व्हॉल्व्ह पास होत (गळत) असतो, म्हणजे मेन हवा पडली की टाकीही रिकामी. दर महिन्याला मेन हवा बंद करून कॅमेरा खरंच बाहेर येतो का बघा. प्रत्येक कारण वेगवेगळं तपासा, पाणी वेगळं, वीज वेगळी.

कॅमेरा बाहेर आल्यावर भोकावर झडप आपोआप पडली पाहिजे, नाहीतर हूड पॉझिटिव्ह झाला की त्याच भोकातून गरम धूळ बाहेर. आणि तो मागे येतो तो न सांगता, जोरात, मीटरभर. मागच्या जागेला जाळीचं गार्ड हवं, तिथे कुणी उभं राहता कामा नये. मेंटेनन्सला हात लावण्याआधी सीसीआरला सांगणं, हवा लॉक करणं, फेसशील्ड आणि अ‍ॅल्युमिनाइज्ड कोट, यात तडजोड नाही. एका ठिकाणी, नाव घेत नाही, कॅमेरा काढताना वर प्रीहीटरमध्ये (पीठ तापवणाऱ्या मनोऱ्यात) सायक्लोनचा जाम सुटला आणि पीठ एकदम खाली आलं. पोराचा हात भाजला. सीसीआरला कॅमेऱ्याचं काम चाललंय हे माहीतच नव्हतं.

जॅकेटचं पाणी साधं बोअरचं असेल तर क्षार बसून वर्षात चोंदतं. डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचं बंद सर्किट करा.

गडचांदूरकर

अपडेट. इन्स्ट्रुमेंट एअर जोडली, फिल्टर बसवला, त्याच जुन्या कॅमेऱ्याचं भिंग साफ करून लावलं. अजून तरी चित्र स्वच्छ आहे, बर्नरची टीप आणि मालाची कड दोन्ही दिसतायत. मॅनेजमेंटला सांगितलं की आधी रिट्रॅक्शन आणि टाकी, आणि कूलरच्या बाजूला दुसरा साधा कॅमेरा स्नोमॅनसाठी. थर्मलचं व्हेंडरला आमच्या हूडवर ट्रायल द्यायला सांगितलंय.

दोन प्रश्न राहिले. सध्याचं भोक बर्नरच्या अगदी सरळ वर आहे, ते बदलावं का? आणि ऑपरेटर म्हणतायत की किल्न थंड पडली तरी स्क्रीनवर फारसं वेगळं दिसत नाही, ते का?

क्लिंकर_किंग

भोक बदला, पुढच्या शटडाऊनमध्ये कास्टेबल (हूडचं ओतीव अस्तर) फोडायचंच असेल तेव्हा. किल्न फिरते त्यामुळे माल एका बाजूला चढतो, कॅमेरा समोरच्या बाजूने त्या चढाकडे तिरका बघेल असा ठेवा. बर्नरची टीप चित्राच्या कडेला दिसली पाहिजे, मधोमध नको, नाहीतर ज्वाळेपलीकडे काहीच दिसणार नाही. कूलरमधून वर येणाऱ्या गरम हवेचा झोत टोकावरून जाणार नाही असं बघा, सगळी धूळ त्याच झोतात असते. भोक पाडण्याआधी जुन्याच कॅमेऱ्याने किंवा ड्रॉइंगवर रेषा मारून खात्री करा.

जुबेलकर

दुसऱ्याचं मी सांगतो. तुमचा कॅमेरा ऑटोवर आहे. भट्टी थंड झाली, प्रकाश कमी झाला की ऑटो आयरिस उघडतो, गेन वाढतो आणि चित्र परत तेवढंच उजळ करून दाखवतो. म्हणजे जी गोष्ट ऑपरेटरला दिसायला हवी तीच कॅमेरा पुसून टाकतोय. किल्न लाइटअप होऊन (पेटवून तापवून) नॉर्मल चालायला लागली, लिटर वेट आणि फ्री लाइम व्यवस्थित आली, की त्या वेळी एक्स्पोजर, गेन आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर लॉक करा. मग थंड पडली की चित्र खरोखर काळवंडेल आणि तापली की पांढरं पडेल. लाइटअपच्या वेळी तेवढं ऑटोवर न्या कारण सुरुवातीला काळोखच असतो. सेटिंगचा पासवर्ड शिफ्ट इन्चार्जकडे ठेवा, रात्री कुणीतरी चित्र छान दिसावं म्हणून परत ऑटो करतंच.

गडचांदूरकर

आज दुपारीच लॉक करतो, लॅबचा दोनचा सँपल आला की. ट्रायल झाली की क्लिप आणि आकडे याच धाग्यावर टाकेन.